सारवणावरचा छोटा खेळ

साहेब लोकांच्या मैदानातली चार भोकं मी एकदा एकाच सकाळी चिखलानं बुजवून टाकली. हे मी माझ्या तोंडानं कोणाला कधी सांगितलं नाही. सांगायचं काम आमच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं केलं, आणि पुष्कळ वर्षं केलं.

आमच्या गावापासून सायकलनं पाऊण तासावर एका कारखान्याची कॉलनी आहे. तिथे साहेबांना खेळायला गोल्फचं मैदान आहे. मोठं नाही, नऊच भोकांचं. आमचे तिथे गवताच्या कामावर होते. पावसाळ्यात गवत फार माजलं की निंदायला बाया लावत. एका वर्षी त्यांनी मलाही नेलं. पहिल्याच सकाळी मला एका गुळगुळीत, अगदी बारीक गवताच्या तुकड्यावर बसवलं आणि ते दुसऱ्या टोकाला निघून गेले. त्या तुकड्यात चार भोकं होती. तो सरावाचा तुकडा होता, भोकांच्या आतली डबडी धुवायला काढली होती आणि झेंड्या लावलेल्या नव्हत्या, हे मला मागून कळलं. तेव्हा मला दिसली ती फक्त चार गोल, खोल भोकं. धानाच्या बांधीत खेकडा धुऱ्याला, म्हणजे मातीच्या बांधाला, असंच भोक पाडतो, आणि ते वेळेवर बुजवलं नाही तर एका रात्रीत पाणी निघून बांधी कोरडी होते. आमच्याकडे लहान पोरीलासुद्धा हे सांगावं लागत नाही. मी नालीतला काळा चिखल आणला, भोकं गच्च भरली, वरून टाचेनं दाबली. इतक्या शिकलेल्या लोकांचं धुऱ्याकडे लक्ष कसं नाही, असंही मनात आलं.

थोड्या वेळानं साहेब आले. "होल किधर गया?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "कल तक तो यहीं था." आमचे धावत आले. त्यांनी चिखल पाहिला, माझे हात पाहिले, आणि इतके हसले की खाली बसले. साहेबही हसले. कोणी रागावलं नाही. पण मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. चार परकी माणसं आपल्याकडे बघून हसली की माझं अंग आठ दिवस चोरल्यासारखं राहतं.

"माया बायकोनं साहेबाचा पानी वाचवला," असं ते पुढे लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत सांगत. मी पदर तोंडावर घेई. पण खरं सांगते, ते हसत तेव्हा मला बरं वाटे. त्यांचं हसणं मोठं होतं, समोरच्याला घेऊन जाणारं.

ते हसणं दिवाळीनंतर बंद झालं.

धान कापून झालं होतं. सकाळी ते सायकलच्या चाकात हवा भरत होते आणि पंपासकट उजव्या अंगावर पडले. गोंदियाला दवाखान्यात पंधरा दिवस राहिलो. घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं जड होतं, पण समजत होतं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र आपले राहिले नव्हते. व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई यायची. वयानं लहान, बोलायला स्पष्ट. पायाला हात लावून ती म्हणाली, "ताकत है इसमें. लेकिन गर्मी के पहले खड़े नहीं हुए तो पैर जम जाएगा. फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी."

मी ते त्यांना दहा वेळा सांगितलं.

"कायले उठू?" ते म्हणाले. "उठून कुठी जाऊ? माया जागेवर दुसरा मानूस घेतला त्याईनं."

"मंग जल्मभर खाटेवर रायता का?"

"तुले जड होऊन रायलो तं सांग."

मी तेल तापवायला गेले. ते भिंतीकडे तोंड करून झोपत. मागच्या छपरीत त्यांची खाट होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सांदवाडी. तिथे वांग्याचे वाफे, सेमीच्या शेंगांचा वेल, पलीकडे बांबूचं कुंपण आणि कुंपणापलीकडे थोरल्या जावेचं घर. हे सगळं सोडून ते भिंत पाहत. पौष सुरू झाला तरी भिंतच.

एकदा छपरीची जळमटं काढताना माझा झाडू आड्यात अडकला आणि वरून दोन काठ्या धडकन खाली पडल्या. सोबत कापडाची पिशवी. मैदानावर एक म्हातारे साहेब होते. गाव सोडून जाताना त्यांनी या काठ्या आमच्यांना दिल्या होत्या. त्या साहेबांना लांबचं मारवत नसे. ते नुसता जवळचा खेळ खेळत, आणि सुटीच्या वेळी आमच्यांनाही शिकवत. "लंबा तो कोई भी मार लेता है," असं ते म्हणत. चेंडू झेंडीपासून वीस-तीस पावलांवर आला की पुढचं सगळं हलक्या हाताचं. थोडा उचलायचा, टाकायचा, घरंगळू द्यायचा. याला आमचे छोटा खेळ म्हणत. एका काठीचं तोंड चपटं, ते पटर. दुसरीचं तिरपं, ते वेज. पिशवीत सहा चेंडू होते.

आवाजानं त्यांनी मान वळवली. काठ्या पाहिल्या.

"फेकून दे तिकडं," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मला राग आला. मला सहसा येत नाही, आला तर भांडी घासून जातो. त्या दिवशी गेला नाही. एक चेंडू सांदवाडीत जमिनीवर ठेवला, हाताला आली ती काठी दोन्ही हातांनी धरली आणि मारली. चेंडू गेला नाही. मातीचं ढेकूळ मात्र उडून सेमीच्या वेलावर गेलं. पुन्हा मारली. या वेळी चेंडू कुंपणावरून जाऊन जावेच्या गायीच्या पाणी प्यायच्या टाक्यावर आपटला. गाय हंबरली.

"अवं, कुदड आहे का ते?" खाटेवरून आवाज आला.

चार दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी वळून पाहिलं. ते डाव्या कोपरावर उठले होते.

"मंग कसं धरू?" मी विचारलं.

"पऱ्ह्याची जुडी कशी धरतेस रोवणीले? दाबून धरतेस का? दाबली तं पऱ्हे मरतात. सोडली तं पडतात. तशी धर."

भाताच्या रोपांची जुडी लावणीला धरतो तशी मी काठी धरली. तोवर कुंपणाशी जाऊबाई चेंडू घेऊन उभी. "हा अंडा कोन्या कोंबडीचा वं? माया गायीले काऊन मारून रायली?"

मी काठी लुगड्यामागे लपवली. खाटेवरून ते म्हणाले, "माया आहे तो, वहिनी. फेका इकडं."

तिनं चेंडू फेकला. आणि जाता जाता म्हणाली, "या घरात नाई पाह्यले असे खेळ." पण तिचा चेहरा वेगळा झाला होता. तिनंही त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला होता.

त्यानंतर दुपारचं जेवण झालं, जाऊबाई शेतावर गेली की आमचं सुरू व्हायचं. त्यांच्या सांगण्यावरून मी सांदवाडीचा मधला तुकडा सपाट केला. मुरूम टाकला, पाणी मारून धुमसला, वरून शेणानं सारवला. पलीकडच्या टोकाला पितळेचा गडवा तोंड जमिनीबरोबर येईल असा पुरला. त्यासाठी घरातले तीन गडवे दाखवावे लागले. एक मोठा म्हणाले, एक लहान म्हणाले. "साहेबाच्या होलाएवढा पायजे. मोठा ठेवला तं तुले वाटंल तू हुशार झाली."

मी हुशार नव्हतेच. पहिले कित्येक दिवस गडव्याच्या जवळसुद्धा चेंडू जाईना. ते खाटेवरून ओरडत.

"डोकं वर काऊन केलं? बॉल पळून चालला का?"

"कुठी गेला ते पाहत होती."

"आवाजावरून समजते. डोकं खाली ठेव."

तिरप्या काठीनं तर मला काही जमेना. वाफ्याच्या या बाजूला चेंडू ठेवायचा, वांग्यांवरून उडवून पलीकडे सारवणावर टाकायचा. मी खालून उचलायला जाई, आणि चेंडू वांग्याच्या झाडात शिरे. एक मोठं वांगं फुटलं. ते आम्ही संध्याकाळी खाल्लं.

"तू नको उचलू," ते म्हणाले. "काठीचं तोंडच तिरपं आहे, उचलाचं काम त्याचं. तू खाली मार. वजन डाव्या पायावर. डावा हात मालक, उजवा नुसता सोबतीले." असं म्हणून ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मी पटकन दुसरा चेंडू ठेवला आणि मुद्दाम नाही, खरोखरच वांग्यात मारला.

"हात्तेच्या!" ते म्हणाले, आणि हात विसरले.

मग त्यांनी मला एक सोपं सांगितलं. गडव्याकडे पाहायचंच नाही. चेंडू जमिनीला पहिल्यांदा जिथे टेकावा तिथे पाहायचं. मी त्या जागी पळसाचं एक पान ठेवलं. पानावर टाकायचा, पुढे तो आपला घरंगळत जातो. आठ-दहा दिवसांत चेंडू पानाच्या आसपास पडायला लागला. पानावर पडला की फट् असा आवाज यायचा, मग सारवणावर सर्र, आणि नशिबानं गडव्यात गेला तर टण्. तो टण् ऐकायला मला फार आवडायचं.

एक अडचण मात्र सुटेना. पटरनं सरळ मारलेला चेंडूही शेवटी डावीकडे वळायचा. आमच्यांनी मला तीन दिवस हातासाठी बोलणी दिली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "थांब. तू सारवतेस कशी?"

मी करून दाखवलं. सगळ्या बाया सारवतात तशीच. उकिडवं बसून, हात खांद्यापासून गोल फिरवत, एकाला एक लागून कमानी. शेण वाळलं की बोटांच्या बारीक रेघा राहतात. डोळ्यांना त्या छान दिसतात.

"त्या रेघाईनं जाऊन रायला तो," ते म्हणाले. "सरळ ओढ. इकडून गडव्याकडं."

आयुष्यभर गोल फिरलेला हात सरळ ओढायला फार त्रास पडला. दर वेळी कमान व्हायची. जाऊबाईनं कुंपणावरून पाहिलं. "अवं, सारवून रायली का वखर चालवून रायली?" पण दुसऱ्या दिवशी चेंडू सरळ गेला. ते खाटेवर उठून बसले होते. आडवं पडून गडव्याचं तोंड दिसत नाही ना, म्हणून. आधी कोपरावर, मग उशीला टेकून, मग भिंतीला पाठ लावून, आणि माघ संपेपर्यंत खाटेच्या काठावर दोन्ही पाय खाली सोडून. हे मी मोजत होते, त्यांना कळू न देता. व्यायामाची बाई आली तेव्हा म्हणाली, "बैठ रहे हैं? बहुत अच्छा. अब बस खड़ा करो." मला वाटलं, आता झालंच.

आणि तिथेच मी चुकले.

झालं असं, की मला जमायला लागलं. एका दुपारी दहा फटक्यांपैकी सात गडव्यात गेले. टण्, टण्, टण्. सातवा गेला तेव्हा मी हसले असेन, कारण ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "जमलं तुले. आता सांगासारखं काही नाई." आणि पाय उचलून आडवे झाले. भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेतली, तरी वळले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. शिकवायला कोणी उरलं नाही तर हा माणूस परत भिंतीचा होणार, एवढंच मला दिसलं. ऊन तापायला लागलं होतं. उन्हाळ्याआधी, बाईनं सांगितलं होतं.

मुद्दाम हात वाकडा केला असता तर त्यांना लगेच दिसलं असतं. म्हणून मी सारवण वाकडं केलं. सकाळी लवकर, ते झोपेत असताना, गडव्याच्या अलीकडे दोन हात जागेवर जुन्यासारख्या कमानी ओढल्या. दाट शेणाच्या, बोटं दाबून. दुपारी मी सरळ मारला आणि चेंडू गडव्याजवळून वळून निघून गेला.

"अजी," मी म्हटलं, "पुन्हा बिघडलं वाटते."

ते वळले. "मार पाहू." मी मारला. "हात तं सरळ आहे. खांदा पाह." खांदा पाहिला. "पाय पाह." पाय पाहिले. ते पुन्हा उठून बसले. मी चार-पाच दिवस रोज नवी कमान ओढत होते, कधी डावी, कधी उजवी, आणि ते रोज बसून डोकं खाजवत होते. मला पाप वाटत होतं. पण ते बसलेले दिसत होते, तेव्हा पाप परवडत होतं.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "खाट पुढं ओढ. येथून दिसत नाई."

मी कचरले. "कायले? ऊन आहे तिकडं."

"ओढ म्हणतो ना."

मी त्यांच्यासकट खाट ओढत सारवणाच्या काठापर्यंत नेली. ते थोडे वाकले. डाव्या हाताची बोटं वाळलेल्या शेणावरून हळूहळू फिरवली. एक कमान, दुसरी कमान. पंधरा वर्षं गवत वाचलेला माणूस, त्यांना शेण वाचायला किती वेळ लागणार?

"हे कोनी केलं?"

मी काठी खाटेला टेकवून ठेवली.

"वहिनीनं केलं का?"

"मीनं," मी म्हटलं.

त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "मले लेकरू समजते का तू? लेकरासंग खेळताना मुद्दाम हारतात, तशी हारून रायली?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं, मी शिकवून रायलो. मले वाटलं, एवढं तरी माया हातात आहे."

"अजी, मी..."

"खाट आत ने."

मी खाट आत नेली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी तोंड वळवलं नाही. जेवले, पण घास मी तोंडाजवळ नेला तर डाव्या हातानं ताटली स्वतःकडे ओढून घेतली. औषध घेतलं. बोलले नाहीत. व्यायामाची बाई आली, तिनं पाय वाकवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "बहुत टाइट हो गया. पिछले हफ्ते इतना नहीं था."

बाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात रडले. पाय आखडला म्हणून रडले, आणि मी त्यांची एकुलती एक उरलेली गोष्ट खोटी केली म्हणून रडले. मी त्यांना दया दाखवली होती. घरी आल्यापासून सगळे त्यांना तेच दाखवत होते. मीच एक दाखवत नव्हते, खरोखरच वाईट खेळत होते म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी खुरप्यानं सगळं सारवण खरवडून काढलं. पुन्हा धुमसलं, पुन्हा सारवलं, सरळ. हात आता सरळच चालत होता. दुपारपर्यंत वाळलं. जाऊबाई घरीच होती, कुंपणाशी बसून लाखोळी पाखडत होती. इतर वेळी मी तिच्यासमोर काठीला हात लावला नसता. त्या दिवशी मला लाज वाटायला जागाच नव्हती. मी काठी घेतली आणि खेळायला लागले. त्यांना हाक मारली नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला खेळायचं होतं. हे मला तेव्हाच समजलं, की या तीन दिवसांत माझ्या हातांना त्याची आठवण येत होती.

टण्. मग एक हुकला. मग टण्, टण्.

मग मी तिरपी काठी घेतली. वांग्यांवरून मारायला गेले, तर चेंडू पुन्हा सपाट जाऊन झाडात शिरला. दुसराही. तिसराही. महिनाभर जमत असलेलं का बिघडलं ते मला कळेना. चौथ्याला तर मी मातीच मारली.

"सोंग करून रायली," भिंतीकडून आवाज आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागानं. "नाई," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, जाऊबाईचं सूप थांबलं. "सोंग नाई. तेव्हा केलं होतं, ते तुमाले उठवासाठी केलं होतं. आता मायासाठी खेळून रायली. मले येऊन नाई रायलं. शेण पाहा, सरळ आहे. हात लावून पाहा."

ते वळले. सारवणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"अखीन एक मार."

मारला. वांग्यात.

"वजन कुठी आहे तुया?"

"डाव्या पायावर."

"नाई. तुले वाटते डाव्यावर आहे. भीतीनं मांग जाऊन रायली तू."

"मंग किती पुढं?"

"अवं, सांगून नाई समजणार ते..." ते थांबले. मग डाव्या हातानं खाटेचा पाय धरून सरकले, काठावर आले. दोन्ही पाय खाली सोडले. "इकडं ये."

मी गेले, खाट सारवणाच्या काठाशी ओढली.

"कमरेले धर."

मी कुंपणाकडे पाहिलं. भर दुपारी, जावेच्या डोळ्यांसमोर, नवऱ्याच्या कमरेला मिठी घालायची. जाऊबाई म्हणाली, "धर न वं! मी आंधळी आहे म्हणून समज." आणि खरंच आमच्याकडे पाठ करून बसली. सूप मात्र हललं नाही.

मी धरलं. त्यांनी माझ्या खांद्यावर जोर दिला. किती वजन होतं, देवा. पहिल्यांदा अर्ध्यावरून बसले. दुसऱ्यांदा उजवा गुडघा वाकला, तो मी माझ्या गुडघ्यानं अडवला. तिसऱ्यांदा ते उभे झाले. त्यांची हनुवटी माझ्या डोक्याच्या वर आली. कित्येक दिवसांनी आली. मला विसरच पडला होता की ते माझ्याहून इतके उंच आहेत.

"हे पाह," ते धापा टाकत म्हणाले, "आता माया वजन डाव्यावर आहे. समजलं का? असं. सगळा. मांग ठेवाले काही उरलंच नाई पायजे."

"समजलं," मी म्हटलं. खरंच समजलं होतं. त्यांच्या अंगाला धरून उभी होते, ते वजन माझ्यातून जात होतं.

"पटर दे."

"अजी, आज पुरे..."

"दे म्हणतो."

खाटेला टेकवलेली काठी मी एका हातानं ओढली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. पायानं एक चेंडू त्यांच्या पुढ्यात सरकवला. गडवा सात-आठ पावलांवर होता. त्यांनी उजवा हात तसाच लोंबू दिला. डाव्या हातानं काठी दोनदा मागेपुढे हलवली, नुसती हवेत. मग मारला.

चेंडू सरळ गेला. सरळ सारवणावर सरळ. पण जोर नव्हता. निम्म्यातच थांबला.

"कमी पडला," ते म्हणाले.

"सरळ गेला, अजी."

"सरळ जाऊन काय करते? कमी पडला. अखीन एक ठेव."

बाकीचे चेंडू वांग्यांत होते. जवळचा म्हणजे तोच, चार पावलांवर थांबलेला. मी त्यांना धरून उभी. पाय लांब केला, पुरला नाही. वाकून पाहिलं, तर तेही माझ्यासोबत वाकायला लागले. मी पुन्हा सरळ झाले.

"जाऊबाईले हाक मारू का?"

"कायले?"

"बॉल द्याले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "तू जा न," ते म्हणाले.

"आन तुमी?"

"मी कुठी जाऊन रायलो?"

त्यांनी पटर जमिनीवर टेकवला आणि त्यावर हात घट्ट केला. माझा एक हात मी त्यांच्या कमरेवरून काढला. थांबले. मग दुसरा काढला. बोटं शेवटपर्यंत सदऱ्याला होती, तीही सोडली. ते थोडे हलले, वाऱ्यानं बांबू हलतो तसे, आणि थांबले.

मी चार पावलं गेले. वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर मी धावत परत गेले असते, आणि ते त्यांना आवडलं नसतं. मागे कान लावून चालले. पडल्याचा आवाज आला नाही. काठी सरकल्याचा आला नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मोठा, एकसारखा.

मी वाकून चेंडू उचलला.

"लवकर आन," मागून ते म्हणाले. "आता जोरानं मारतो."